लेडीज सायकल स्टँड

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी बंगळुरात सरकारी नोकरीला लागले, तेव्हा आमच्या घराण्यात टेबलाशी बसून पगार घेणारी मी पहिलीच बाई. त्याआधी आमच्या बायका शिवणयंत्राशी बसत आणि त्यांना पगार कुणी देत नसे. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चिकपेटेच्या एका बोळात शिवणकामाचं दुकान होतं. घराणं कैक पिढ्यांपासून इथलंच. मूळ गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर अण्णा हातातल्या कात्रीनं उत्तरेकडे दाखवत आणि पुन्हा कापड कापायला लागत. घरात आम्ही मराठीच बोलत होतो, पण त्या मराठीत 'थोडं' हा शब्द पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. एरवी सगळं स्वल्प. स्वल्प भात वाढ, स्वल्प सरक, स्वल्प गप्प बस.

टायपिंगची परीक्षा पास झाले आणि शहरातले रस्ते, पूल, गटारं बघणाऱ्या एका विभागीय कचेरीत चिकटले. कचेरी कुठली ते सांगत नाही. तिथली काही माणसं अजून पेन्शन घेतात आणि त्यांची पेन्शन सुखानं चालू राहावी अशी माझी इच्छा आहे.

कचेरीत बायका दोनच. एक मी. दुसऱ्या टपाल विभागातल्या अक्का. त्यांना सगळी कचेरीच अक्का म्हणायची, इंजिनियरसाहेबसुद्धा. पन्नाशीच्या, कन्नड, विधवा, कपाळाला विभूती, कमरेला तपकिरीची डबी. कागदावर शिक्का असा मारायच्या की शेजारच्या टेबलावरची शाईची दौत हलावी.

पहिल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन नुसतीच उभी राहिले. काय विचारायचं ते ठाऊक होतं, पण कसं विचारायचं ते कळेना. आजूबाजूला सगळे पुरुष. अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, शिक्का खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बा." म्हणजे ये.

त्या मला कचेरीच्या मागे घेऊन गेल्या. आमच्या कंपाउंडची दगडी भिंत तिथे एका जागी ढासळलेली होती. त्या खिंडारातून पाय उचलून टाकला की पलीकडे बायकांच्या बाळंतपणाचा दवाखाना. त्याच्या मागच्या अंगाला न्हाणीघर आणि त्याला लागून ती जागा, जिचं नाव त्या काळात कुठलीच बाई घेत नसे. तिथली आया अक्कांची मैत्रीण. अक्का तिला घरच्या मोगऱ्याचा गजरा आणून देत आणि ती आम्हाला दाराची किल्ली देई. कचेरीत पुरुषांसाठी सोय होती. बायकांसाठी नव्हती, कारण इमारत बांधली तेव्हा बायका नव्हत्या, आणि बायका आल्या तेव्हा इमारत बांधून झालेली होती. अक्कांनी या खिंडारावर कितीतरी वर्षं नोकरी काढली होती. कुणाला पत्ता नव्हता. पत्ता असलेल्यांना पत्ता नसल्यासारखं वागता येत होतं.

मग त्या वर्षी दिवाळीनंतर मद्रासच्या बाजूला समुद्रात वादळ उठलं. बंगळूरकरांना वादळ म्हणजे वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट. समुद्र कुठे, आपण कुठे. पण या वादळाची शेपटी फिरली ती थेट आमच्यावर. रात्रभर वारा आणि पाऊस. सकाळी कचेरीत जाऊन पाहते तर आवारातला मोठा गुलमोहर सायकल स्टँडवर आडवा पडलेला आणि आदल्या दिवशी पावसामुळे सायकल तिथेच ठेवून गेलेल्या एका कारकुनाची सायकल पापडासारखी लाटून निघालेली. आमच्या हद्दीत एक राजकालुवे होता. राजकालुवे म्हणजे पावसाचं पाणी तळ्याकडे नेणारा मोठा नाला. त्यावरचा पूल वाहून गेला. रस्त्यांना भगदाडं पडली, दिव्यांचे खांब वाकले. आणि मागची ती दगडी भिंत, जी एका जागी पडलेली होती, ती आता सगळीच पडली.

मला आणि अक्कांना त्या भिंतीचं वाईट वाटलं नाही. उलट पुढचे काही आठवडे आम्ही साडी न उचलता, सरळ चालत जात होतो.

थोड्याच दिवसांत राज्य सरकारकडून वादळाच्या दुरुस्तीसाठी ग्रँट आली. तिच्याबरोबर नियमही आले. वादळानं जे पाडलं तेच पुन्हा उभं करायचं. कामांची जी यादी एकदा मंजूर झाली तिच्यात नवं नाव घालायचं नाही. यादीतल्या एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे असतील तर नवा तक्ता करून वर पाठवायचा आणि मंजुरी आणायची.

हे नियम आमच्या अकौंटंटना देवानं दिल्यासारखे वाटले. सडपातळ, बंद गळ्याचा कोट, टोपी, आणि खोटं बोलायचं नाही असं व्रत. गल्लीगल्लीतून माणसं येऊन आपापली पडझड सांगायला लागली. एका गृहस्थानं मुलाच्या मुंजीच्या वेळी खचलेली ओसरी वादळाच्या खात्यावर मांडली. मुलगा शेजारीच उभा होता, त्याला मिशा फुटल्या होत्या. अकौंटंट सगळ्यांना एकच प्रश्न विचारत, "बिद्दिदेया, इल्लवा?" पडलंय की नाही पडलं? आणि पुढे, "वादळानं पडलं की आपोआप?" आपोआप पडलेल्याला त्यांच्याकडे दयामाया नव्हती.

शेवटी यादी ठरली. पूल, रस्ते, दिव्यांचे खांब, कंपाउंडची भिंत, सायकल स्टँड. मी ती टाइप केली, पाच कार्बन घालून. मंजूर होऊन आली.

आमचे इंजिनियरसाहेब भले गृहस्थ. पुलावर त्यांचा जीव होता. पण पुलाचा पाया खणायला घेतला आणि खाली नुसता गाळ. जितकं खणावं तितका गाळ. साहेब रोज चिखलानं माखून येत आणि म्हणत, "अजून स्वल्प खाली जायला पाहिजे." स्वल्प खाली म्हणजे पैसे वर. मग तक्त्याची पहिली फिरवाफिरव झाली. रस्त्यांचे थोडे काढले, सायकल स्टँडचं छप्पर कौलांचं होतं ते पत्र्याचं केलं. मी पुन्हा टाइप केलं. मंजूर होऊन आलं, तोवर पाया आणखी खाली गेलेला. दुसऱ्या फिरवाफिरवीत स्टँडचा पत्राही गेला आणि नुसते खांब राहिले. कारकून मंडळी चिडली. "खांबांना सायकली बांधून आम्ही पावसात भिजायचं काय?" अकौंटंट म्हणाले, "सायकली भिजतील. तुम्ही आत असाल."

एका कामाला मात्र कुणी हात लावला नाही. भिंत. ती सगळ्यात आधी पूर्ण झाली, कारण तिच्या खाली गाळ नव्हता आणि ती साहेबांच्या खिडकीतून दिसत होती. पुलानं छळलं की साहेब खिडकीशी जाऊन भिंतीकडे बघत आणि त्यांना बरं वाटे. पहिलीपेक्षा हातभर उंच, सरळसोट, वर काचांचे तुकडे रोवलेले. ज्या दिवशी ती पुरी झाली त्या दिवशी दुपारी मी आणि अक्का नेहमीसारख्या मागे गेलो आणि तिच्यासमोर उभ्या राहिलो.

अक्का बराच वेळ वर बघत होत्या. मग तपकीर ओढून म्हणाल्या, "चांगली बांधली आहे."

तेव्हापासून आम्हाला रस्त्यानं वळसा पडला. कचेरीच्या पुढच्या फाटकातून बाहेर, कोपऱ्यावरून वळून, दवाखान्याच्या पुढच्या दारातून आत, आणि व्हरांड्यातल्या बाकांवर बसलेल्या सगळ्या लेकींच्या आया, सासवा, नणंदांच्या समोरून मागे. अक्कांना कुणी काही विचारत नसे. त्यांच्या वयाला आणि विभूतीला बघून लोक समजत, कुणाच्या तरी बाळंतपणाला आल्या असतील. मी विशीची. गळ्यात मंगळसूत्र नाही. एकदा एका म्हातारीनं माझा हात धरला, शेजारी बसवून घेतलं आणि प्रेमानं विचारलं, "पहिलाच का गं?"

मी म्हटलं, "नाही हो, मी कामाला आहे."

"असू दे, असू दे," ती म्हणाली, "शेवटपर्यंत काम करावं. सुटका लवकर होते."

मी अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या हसून हसून खोकल्या. मलाही हसू आलं. पण त्याच सुमाराला घरी माझ्या लग्नाचं बघत होते. धारवाडकडचं एक स्थळ आलेलं. मुलगा शिक्षक, माणसं मराठी, बोलणं बरंच पुढे गेलेलं. मुलाची मावशी बंगळुरातच राहायची. कुठे राहायची हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती राहायची बाळंतपणाच्या दवाखान्यासमोर, वरच्या मजल्यावर, खिडकीशी.

एका संध्याकाळी घरी आले तर आई देवापुढे बसलेली, दिवा न लावता. अण्णा दुकान लवकर बंद करून आलेले. असं फक्त कुणी गेलं तरच होत असे. मी घाबरले.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"तू कुठं जातेस ते सांग," आई म्हणाली.

"कुठं म्हणजे? ऑफिसात."

"ऑफिसातून?"

"घरी."

"मध्ये?" आईचा आवाज चिरकला. "रोज मध्ये कुठं जातेस? मध्यस्थ येऊन गेला. मुलाच्या मावशीनं निरोप पाठवलाय. मुलगी रोज बाळंतपणाच्या दवाखान्यात जाते, काही अडचण असेल तर आत्ताच सांगा, म्हणे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हसायला लागले, आणि ते फार चुकलं. आईनं पदर तोंडाला लावला. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मी हसता हसता रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. खिंडार, वादळ, भिंत, काचा, वळसा. अण्णा स्वयंपाकघरात निघून गेले, कारण असल्या गोष्टी बापानं ऐकायच्या नसतात. पण तिथून त्यांचा खाकरण्याचा आवाज येत होता, त्यावरून ऐकत होते हे नक्की.

आईनं डोळे पुसले आणि दिवा लावला. "तुझ्या साहेबाला किती वाजता गाठता येईल?" तिनं विचारलं.

"आई, नको. ते पुरुष आहेत."

"पुरुष आहे म्हणूनच. बाई असती तर एवढी भिंत बांधली असती का?"

दुसऱ्या दिवशी आई धर्मावरमची रेशमी साडी नेसून कचेरीत आली. तिची कन्नड मार्केटातली. घासाघीस करायला उत्तम, नमस्कार-चमत्कारात कच्ची. साहेबांना वाटलं, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या असतील. ते उठून उभे राहिले, कॉफी मागवली. मला आत बोलावलं होतं, म्हणून मी दाराशी वही घेऊन उभी, आणि जमीन दुभंगावी म्हणून सीतामाईची आठवण काढत होते.

"साहेब," आई म्हणाली, "तुमच्या घरी बायका आहेत?"

"आहेत की. आई, बायको, दोन मुली."

"त्या कुठं जातात?"

साहेब गोंधळले. "कुठं म्हणजे... देवळात जातात. शुक्रवारी बाजारात."

"ते नाही. घरातल्या घरात कुठं जातात?"

साहेबांनी विचार केला. "माडीवर?"

"साहेब," आई म्हणाली, आणि तिनं आवाज असा खाली आणला, जसा वांगी किडकी निघाल्यावर ती आणत असे, "माणूस दिवसभर एका जागी बसला की त्याला मध्ये उठून जावं लागतं. तुम्हाला लागतं की नाही?"

शिपाई कॉफी घेऊन आला होता, तो आल्या पावली मागे फिरला. साहेबांचे कान आधी लाल झाले, मग मान. त्यांनी हळूच खिडकीकडे पाहिलं. भिंत उन्हात झळाळत होती.

"ती भिंत..." ते म्हणाले.

"तीच," आई म्हणाली.

साहेबांनी आईला हात जोडले. खरंच जोडले. "अम्मा, एवढी वर्षं अक्का इथे आहेत. माझ्या मनातच आलं नाही." मग त्यांनी अकौंटंटना हाक मारली.

पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं, पण त्या बोलण्यात मुख्य शब्द एकदाही आला नाही. साहेब म्हणाले, "आपल्याला एक काम घालायला पाहिजे. लेडीज स्टाफसाठी." अकौंटंट म्हणाले, "कसलं काम, सार?" साहेब म्हणाले, "तसलं." अकौंटंटनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून पुन्हा घातली.

"यादीत नवं नाव घालता येत नाही, सार," ते म्हणाले. "जे नव्हतंच ते वादळ पाडणार कसं?"

"पैसे आहेत ना?"

"पैसे आहेत. दिव्यांचे खांब वीजखात्यानं आपल्या खर्चानं उभे केले, ते वाचलेत. पण ते यादीतल्या कामांवरच घालायला हवेत. पूल पुरा झाला. रस्ते झाले. भिंत..." ते थांबले. "भिंत झालीच. राहिला सायकल स्टँड."

साहेब खिडकीशी गेले. आयुष्यात त्यांनी कधी विनोद केला नव्हता आणि आताही करत नव्हते. "मग सायकल स्टँड वाढवू या," ते म्हणाले. "अर्धा जेंट्स, अर्धा लेडीज. बाई, लिहून घ्या."

मी वही उघडली. साहेब छताकडे बघत सांगायला लागले. "लेडीज भाग. चारी बाजूंनी भिंती. वर छप्पर. दार एक." थोडं थांबून, "दाराला आतून कडी. नळ. जमीन सिमेंटची, उताराची. पाइप."

अकौंटंट म्हणाले, "सार, मी खोट्यावर सही करणार नाही."

"खोटं काय आहे?"

"सायकल स्टँड म्हटलं तर आत सायकल उभी राहिली पाहिजे."

यावर दोघांची अर्धा तास चर्चा झाली. आई मागाहून आलेली कॉफी पिऊन निघून गेली तरी चालली होती. शेवटी ठरलं की आत, दाराजवळ, एका सायकलीपुरता लोखंडी स्टँड जमिनीत बसवायचा आणि बाहेर तशी पाटी लावायची. मग अकौंटंटचं समाधान झालं. मी तिसरा तक्ता टाइप केला. एवढं गंभीर तोंड करून मी आयुष्यात दुसरं काही टाइप केलेलं नाही.

पण हा तक्ता आधीच्या दोन्हींसारखा निमूट मंजूर झाला नाही. दोनदा आटत गेलेला सायकल स्टँड तिसऱ्या वेळी एकदम फुगला कसा, हे वरच्या लोकांना समजेना. त्यांनी तपासायला एक अधिकारी पाठवला. उंच, चष्मा, छत्री. साहेबांनी त्याला आधी पूल दाखवला. पूल छानच झाला होता, त्यावरून बैलगाड्या जात होत्या. अधिकारी खूश झाला. मग त्यानं तक्ता उघडला आणि म्हणाला, "आता तो सायकल स्टँड."

आवारात सगळे जमलो. जागेवर चुन्यानं आखलेलं होतं. अधिकारी इंग्रजीत आणि कन्नडात विचारत होता.

"लेडीज स्टाफ किती?"

"दोन, सार," साहेब म्हणाले.

"सायकली किती?"

साहेबांनी अकौंटंटकडे पाहिलं. अकौंटंटना खोटं बोलायचं नव्हतं. "सध्या एकही नाही, सार."

"मग स्टँड कशाला?"

"पुढची तरतूद, सार."

अधिकाऱ्यानं चष्मा वर केला. "दाराला आतून कडी दाखवली आहे. सायकल आतून कडी लावून घेते काय?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

"नळ?"

"चिखल फार होतो, सार," साहेब घाम पुसत म्हणाले. "धुवायला."

"आणि हा पाइप?"

"धुतलेलं पाणी जायला."

"फारच टापटिपीची सायकल आहे," अधिकारी म्हणाला.

मी आणि अक्का मागे उभ्या होतो. कचेरीत कुणावर चरफडायचं असलं की मी मराठीत चरफडत असे. ती एक मोठी सोय होती, कारण तिथे कुणाला मराठी येत नव्हतं. अक्कांना माझ्यामुळे निम्मंशिम्मं कळायला लागलं होतं, तेवढंच. मी त्यांच्याकडे बघून दात आवळून म्हटलं, "याच्या घरी काय बायको नाही, बहीण नाही? का हा आभाळातून पडलाय? आता काय चित्र काढून दाखवायचं याला?"

अधिकारी वळला. "बायको हाय की," तो मराठीत म्हणाला, अगदी बेळगावी मराठीत. "बहिणी बी हायत, तीन. आभाळातनं नाही पडलो बाई, खानापुरातनं आलोय."

माझ्या हातातली वही खाली पडली. ती उचलायला मी वाकले आणि वर बघायचं धैर्य होईना म्हणून तशीच वाकून राहिले. साहेबांना वाटलं मला भोवळ आली, ते पाणी मागवायला लागले. अक्का मात्र पुढे झाल्या.

"सार," त्या कन्नडात म्हणाल्या, "माझी नोकरी संपत आली. माझी सायकल नाही आणि आता येणारही नाही. पण ही पोरगी अजून तीस वर्षं इथे बसणार आहे."

अधिकाऱ्यानं पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे, मग भिंतीपलीकडच्या दवाखान्याच्या कौलांकडे. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तीन बहिणींचा भाऊ होता. खिशातून पेन काढलं.

"पाइप चार इंची दाखवलाय," तो साहेबांना म्हणाला. "सायकल जड असते. सहा इंची घाला. आणि वरती झरोका ठेवा, वारा पाहिजे." सही केली, छत्री उचलली आणि जाताना मला मराठीत म्हणाला, "तुमची मराठी बरी आहे की. जरा हळू बोलत जावा."

महिन्याभरात काम झालं. पुलाचं उद्घाटन वॉर्डाच्या सभासदानं फीत कापून केलं, वर भाषण केलं. आमचं उद्घाटन अक्कांनी केलं. दाराला हळदकुंकू, आंब्याचं तोरण, आणि उंबऱ्यावर नारळ. पलीकडची आया रस्त्यानं वळसा घालून आली, या खेपेला तीच आमच्यासाठी मोगरा घेऊन. आईनं केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, करून आणला होता. पुरुष मंडळी लांबून, काहीतरी दुसरंच बघत असल्यासारखी बघत होती. अकौंटंट जवळ आले ते फक्त पाटी सरळ लागली आहे का बघायला. कन्नडात आणि इंग्रजीत रंगवलेली पाटी: लेडीज सायकल स्टँड. आतल्या लोखंडी स्टँडला आम्ही छत्र्या आणि पर्सा अडकवत असू. कामाला त्याचा फार उपयोग झाला.

स्थळाचं काय झालं ते राहिलंच. आई स्वतः त्या मावशीकडे गेली आणि सगळं उलगडून सांगितलं. मावशीनं मनापासून माफी मागितली, पण आई म्हणाली, तिचा चेहरा स्वल्प पडला होता; एवढे दिवस खिडकीशी बसून एवढंच निघालं म्हणून असेल. मग माणसं बघायला आली, उप्पिट्टू खाल्लं, मुलगा चांगला होता, आणि शेवटी पत्रिका जुळेना म्हणून ते मोडलं. दोन्हीकडच्यांना पत्रिकेचा आधार झाला. माझं लग्न दोन वर्षांनी दुसरीकडे, इथेच मल्लेश्वरमला झालं, आणि नोकरी सुटली नाही.

अक्का निवृत्त व्हायच्या थोडं आधी कचेरीत तिसरी बाई आली. अकौंटंटची धाकटी मुलगी, क्लार्क म्हणून. अकौंटंटनी तिला स्वतः आणून अक्कांसमोर उभं केलं आणि "हिला सगळं दाखवा" म्हणून निघून गेले. पण अक्कांनी दाखवायच्या आधीच एक गोष्ट झाली होती. मुलगी आधुनिक, सायकलवरून आलेली. फाटकातून आत शिरली, आजूबाजूला पाहिलं, पाटी वाचली आणि आपली सायकल आत नेऊन लोखंडी स्टँडला व्यवस्थित लावून, वर कुलूप घालून आली.

अकरा वाजता मी आणि अक्का दार उघडून बघतो तर आत सायकल. हँडल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आत शिरायला वाव नाही, आणि किल्ली मुलीच्या पर्समध्ये, मुलगी साहेबांच्या खोलीत हजेरी द्यायला गेलेली.

मी धावत अकौंटंटच्या टेबलाशी गेले. "सार, तुमच्या मुलीनं सायकल..."

त्यांनी मान वर केली नाही. "कुठे लावली?"

"लेडीज सायकल स्टँडमध्ये."

"मग?" ते म्हणाले, आणि पुढची आकडेमोड करायला लागले. पण त्यांची टोपी हलत होती, आणि हसू आलं की त्यांची टोपी हलते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.